पालथा ग्लास

दोन दिवस त्या घरात फोडणी झाली नव्हती. उदबत्ती नाही, कॉफी नाही, कपड्यांना वासाचा साबणसुद्धा नाही. सुमेधाने आपले अठरा डबे शुक्रवार-शनिवार बंद ठेवले होते आणि गिऱ्हाइकांना 'घरगुती कारणामुळे' एवढंच कळवलं होतं. जावयाच्या घरची वाइन येणार आहे आणि तिला मोहरीचा वास चालत नाही, असं कोणाला कसं लिहिणार?

"पाव आणि चीज खाऊन माणूस दोन दिवसांत मरत नाही," तिचे यजमान दीनानाथ सकाळी म्हणाले होते.

"तुम्ही पंचवीस वर्षं आइंडहोवनला कंपनीच्या कँटीनमध्ये तेच खाल्लंत. तुमचं सोडा."

आता दुपारचे साडेतीन वाजले होते. हॉलंडमधल्या डीमन गावी, सुमेधाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरातल्या बैठकीच्या खोलीत सहा माणसं जमली होती आणि फारसं कोणी बोलत नव्हतं. एतियेन, जावई, खिडकीशी उभा होता. त्याच्या आई ओदील सोफ्याच्या कडेला ताठ बसल्या होत्या. त्या कधी टेकून बसत नाहीत हे सुमेधाला मुलीच्या लग्नापासून माहीत होतं. त्यांचे दीर बर्त्राँ, चाळीस वर्षं ओबर्नाक या त्यांच्या वाइनच्या मळ्याच्या तळघराचे राखणदार, पायाशी चामड्याची बॅग ठेवून बसले होते. त्या बॅगेत काय आहे तेही बहुतेकांना माहीत होतं. मुलगी सुरुची जमिनीवर मांडी घालून बसली होती, लहानपणी निकालाच्या दिवशी बसायची तशी.

एकेक जण स्वयंपाकघरात जाऊन येत होता. सुमेधाचा नंबर पाचवा होता. दीनानाथ तिच्या आधी जाऊन आले, रुमालाने हात पुसत.

"कशी होती?" तिने विचारलं.

"बोलायचं नाही म्हणे," ते म्हणाले आणि खुर्चीत बसले.

शातो ओबर्नाकची रीतच तशी होती. बोर्दोच्या दक्षिणेला, सिरों नदीच्या काठावर असलेल्या त्या घराची गोड वाइन एके काळी डच व्यापारी पिंपं भरभरून नेत. तेव्हाच्या कोण्या सावध पूर्वजाने ठरवून टाकलं होतं, की वर्षाच्या वाइनला ओबर्नाकचं नाव लावायचं की नाही हे ओबर्नाकमध्ये बसून ठरवायचं नाही. स्वतःच्या भिंतींच्या वासात स्वतःची चूक कळत नाही. वाइन गिऱ्हाइकाच्या देशात न्यायची, हॉलंडमध्ये, आणि ज्या छपराखाली ती चाखली जाईल तिथे राहणाऱ्या प्रत्येकाला घरच्या माणसांच्या बरोबरीने एक ग्लास द्यायचा. गेली सहा वर्षं हे सगळं लायडनला, सुरुची-एतियेनच्या घरी होत होतं. यंदा त्यांच्या जिन्याला रंग लागला होता आणि त्याचा वास जात नव्हता. म्हणून डीमन. म्हणून आयुष्यात कधी दारूला न शिवलेल्या दोन माणसांच्या हाती यंदा एकेक ग्लास आला होता.

स्वयंपाकघराचं दार सुमेधाने मागे लावून घेतलं. ओट्यावर काचेचा जग होता, त्यात मधासारखी वाइन. शेजारी दोन रिकामे ग्लास उरले होते, एक तिचा आणि एक सुरुचीचा. आणि ती लाकडी पेटी. पेटीच्या तोंडाला जाड काळा पडदा होता. ग्लास हातात धरून पडद्याआड हात घालायचा आणि आत ठेवून द्यायचा. सुलटा ठेवला तर होकार. पालथा ठेवला तर नकार. एक पालथा ग्लास पुरे. त्या वर्षीच्या वाइनला नाव मिळत नाही, ती पिंपांतूनच परक्यांना जाते. कोणी पालथा घातला हे विचारायचं नाही.

मंगळवारी फोनवर सुरुचीने हे सगळं सांगितलं होतं. पुढचंही सांगितलं होतं. एका वर्षी गारांनी बाग झोडपली. पुढच्या वर्षी धुकं पडलंच नाही, त्यामुळे द्राक्षांवर ती हवी असलेली बुरशी धरली नाही. दोन वर्षं नाव लागलं नव्हतं. यंदाही लागलं नाही, तर शेजारच्या मोठ्या कंपनीला मळा तीस वर्षांच्या कराराने द्यायचा असं ओदीलनी ठरवलं होतं. ते कागद बर्त्राँच्या बॅगेत होते. आणि नाव लागलं, तर बर्त्राँ तळघराच्या किल्ल्या खाली ठेवणार आणि जूनमध्ये सुरुची आणि एतियेन ओबर्नाकला कायमचे राहायला जाणार.

लायडन इथून अर्ध्या-पाऊण तासावर होतं. दर रविवारी मुलगी जेवायला यायची.

सुमेधाने बोटभर वाइन ओतली. ग्लास तोंडाजवळ नेला आणि खाली आणला. मग तो सिंकमध्ये रिकामा केला. न पिता. पडद्याआड हात घातला. आत काहीच दिसत नव्हतं. बोटांना दुसऱ्या कुठल्या तरी ग्लासचा थंड स्पर्श झाला. तिने आपला ग्लास पालथा धरला. काय करतोय आपण, असं वाटून सुलटा केला. मग पुन्हा फिरवला. तेवढ्यात खाली ट्राम वळणावर करकरली. ती दचकली आणि हात बाहेर काढला.

ग्लास आतच राहिला होता. कसा, ते तिला आठवेना.

पुन्हा हात घालून चाचपावं असं तिला वाटलं. पण बाहेर सगळे थांबले होते. तिने पदर नसताना पदर सावरावा तसा ओढणीला हात लावला आणि दार उघडलं.

*

शेवटी सुरुची जाऊन आली. मग ओदील उठल्या, पेटी दोन्ही हातांनी उचलून बैठकीच्या खोलीत आणली, टेबलावर ठेवली आणि पडदा बाजूला केला.

पाच ग्लास सुलटे होते. एक पालथा.

सुरुचीने दोनदा मोजलं. गरज नव्हती, सहाच होते.

"बरं," ओदील म्हणाल्या. त्यांचं इंग्रजी स्वच्छ आणि अपुरं होतं. "बरं."

एतियेनने काकांकडे पाहिलं. बर्त्राँ बॅगेला हातही न लावता बसले होते.

"माझ्याकडे पाहू नकोस," ते म्हणाले.

"मी काही बोललो नाही."

"तू तुझ्या बापासारखा पाहतोस. त्यापेक्षा बोललेलं बरं."

"ठीक आहे, बोलतो. ऑक्टोबरमध्ये पाऊस येणार म्हणून तोडणी लगेच करा असं तुम्ही म्हणत होता. सुरुचीने नऊ दिवस थांबवलं. तेव्हापासून तुम्ही तिच्याशी जेमतेम बोलता."

"नऊ दिवस ओल्या द्राक्षांखाली उभं राहून बघ. मी तेव्हा भांडलो, ते तेव्हा. माझा ग्लास सुलटा आहे."

"सांगायचं नसतं," ओदील म्हणाल्या.

"आता सांगून झालं."

सुरुचीला बर्त्राँचं खरं वाटलं, आणि त्यामुळे ती जास्तच गोंधळली. बर्त्राँ नव्हे. एतियेन नसणार. मग ओदील? त्या तिला कधी लागेल असं बोलल्या नव्हत्या, पण कधी जवळचंही बोलल्या नव्हत्या. की खरंच वाइनमध्ये दोष होता? बुरशी हा तिचा विषय होता. लायडनच्या प्रयोगशाळेत अकरा वर्षं तिने दुसरं काही केलं नव्हतं. द्राक्षाचं पाणी शोषून साखर घट्ट करणारी बुरशी आणि तेच द्राक्ष नासवून आंबट करणारी बुरशी ही एकच, फरक फक्त हवेच्या ओलाव्याचा. हे ती विद्यार्थ्यांना फळ्यावर काढून दाखवायची. पण ओबर्नाकहून येणाऱ्या त्या पिंपांच्या नमुन्यांवर सहा महिने रोज वाकल्यावर तिच्या नाकाने साथ सोडली होती. मघाशी स्वयंपाकघरात तिला मध लागला, जर्दाळू लागला आणि अगदी शेवटी एक टोचणारी कड लागली. ती कड म्हणजे वाइनचा जिवंतपणा की नासण्याची सुरुवात, हे तिला सांगता येत नव्हतं. तिने ग्लास सुलटा ठेवला होता आणि तेव्हापासून तिला आपण कॉपी केल्यासारखं वाटत होतं.

मग तिने आईकडे पाहिलं. आई आपल्या तळहाताकडे पाहत होती. तो दुसऱ्या कोणाचा असावा तशी.

सुरुची पेटीजवळ सरकली.

"मी ग्लास बघू का?" तिने विचारलं. "फक्त ग्लास. कोणाचा ते नाही."

ओदीलनी क्षणभर विचार करून मान डोलावली.

पेटीचा तळ जुन्या ओकचा होता आणि त्यावर गोल डाग होते. ओदील त्यांना नकार म्हणत. ग्लास पालथा घातला की तळाशी राहिलेली वाइन काठावरून उतरते आणि लाकडात शिरते. साखर इतकी, की तो डाग पुसला जात नाही. असे बारा-पंधरा तपकिरी गोल तिथे होते, काही फिकट, काही एकमेकांत गेलेले. सुरुचीने पालथा ग्लास उचलला. त्याच्याखाली ओलं वर्तुळ होतं. तिने बोट लावलं. चिकट नव्हतं. तिने ग्लासात नाक घातलं. वास नव्हता. वाइनचा नव्हता, कसलाच नव्हता.

ती मराठीत बोलली, न ठरवता.

"हा ग्लास कोणी विसळला?"

*

"मी," दीनानाथ म्हणाले. "का?"

सुरुची ग्लास हातात घेऊन त्यांच्याकडे वळली. दीनानाथांना वाटलं, आपल्याकडून काही तरी फुटलं.

"तुम्ही विसळला?"

"मग काय उष्टा ठेवायचा? सगळ्यांचे ग्लास ज्या पेटीत ठेवायचे तिच्यात?"

"आणि पालथा का घातला, बाबा?"

"विसळलेला ग्लास कसा ठेवतात? पाणी निथळायला नको?" मग त्यांना वाटलं याहून नीट सांगायला हवं. "शिवाय पेटी लाकडाची. आत धूळ असणार. आमच्या क्लीनरूममध्ये उघड्या तोंडाची वस्तू ठेवली तर नोकरी जायची. मला वाटलं, ती ग्लास भरून न्यायची पेटी आहे. पडदा धुळीसाठी."

सुरुचीने डोळे मिटले. ती हसतेय की काय, ते त्यांना कळलं नाही.

"आईने तुम्हाला काही सांगितलं नव्हतं? पालथा म्हणजे काय ते?"

"पालथा म्हणजे काय?"

दोघांनीही सुमेधाकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर आधी जे आलं ते सुटका झाल्यासारखं होतं, आणि ते का, हे दीनानाथांना समजेना. चाळीस वर्षांत तिचे बहुतेक चेहरे त्यांना पाठ झाले होते. हा नवा होता.

"मला वाटलं तू सांगशील त्यांना," सुमेधा म्हणाली.

"मी मंगळवारी तुला दोनदा म्हटलं, बाबांना सांग म्हणून."

"म्हटलं असशील. माझ्या दुसऱ्या फोनवर गिऱ्हाईक होतं. ती विशाखा, दोन दिवस डबा नाही म्हटल्यावर रडायचीच बाकी होती."

"आई, ही एवढी गोष्ट—"

"विसरले मी. विसरतं माणूस." तिचा आवाज मध्येच उतरला. "की नाही सांगितलं. मलाच कळत नाही आता."

एतियेन एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत होता. त्याला मराठीतले वीसेक शब्द येत, त्यातले बहुतेक खायचे. "बाबा? ग्लास?" त्याने विचारलं.

सुमेधा दीनानाथांकडे थोडी झुकली आणि हळू, अगदी रोजच्या सुरात म्हणाली, "अहो, काही सांगू नका त्यांना. राहू दे तसाच."

दीनानाथांना अजून पूर्ण उलगडलं नव्हतं, पण एवढं कळलं की तसाच राहिला तर काही तरी थांबणार आहे. सुमेधाला ते थांबलेलं हवं आहे. आणि हे वाक्य मुलीने ऐकलं आहे.

"आई काय म्हणाल्या?" एतियेनने बायकोला विचारलं.

"काही नाही," सुरुची म्हणाली. मग तिने ओदीलकडे वळून इंग्रजीत सांगितलं, सावकाश, प्रयोगाची नोंद वाचून दाखवावी तसं. हा ग्लास माझ्या वडिलांचा आहे. त्यांनी वाइन प्यायली, ग्लास धुतला आणि आमच्या घरी धुतलेला ग्लास ठेवतात तसा ठेवला. पालथ्याचा अर्थ त्यांना माहीत नव्हता. त्यांना तो सांगायचा राहून गेला, ही चूक आमची.

आता दीनानाथांना उलगडलं. त्यांचे कान तापले. मुलीचं वर्षभराचं काम आपण नळाखाली धरलं.

पहिले हसले ते बर्त्राँ. आवाज न करता, खांदे हलवत. "म्हणजे वाइन वाईट नव्हती," ते म्हणाले. "ग्लास अस्वच्छ होता."

"हसू नका," एतियेन म्हणाला. "मामाँ, हा नकार नाही."

"पेटीत पालथा ग्लास आहे," बर्त्राँ म्हणाले. हसू गेलं होतं. "तुझे आजोबा असते तर म्हणाले असते, ग्लास तो ग्लास. कारण विचारायला लागलो तर उद्या प्रत्येक नकाराला कारण निघेल."

"आत्ताच तुम्ही म्हणालात तुमचा सुलटा होता."

"होता. वाइन मला चांगली वाटली. नियमही मला चांगला वाटतो. दोन्ही एकदम वाटू शकतं, तरुण माणसा."

ओदील पेटीच्या तळातल्या त्या पाण्याच्या वर्तुळाकडे पाहत होत्या. ते वाळत चाललं होतं. थोड्या वेळाने तिथे काही राहिलं नसतं.

"विचारलं कोणीच नाही," त्या म्हणाल्या. "काचेनेच सांगितलं. पण आता आपल्याला माहीत झालंय कोणाचा ते. म्हणजे हे मतदान झालंच नाही." त्या उठल्या. "दुसरी बाटली आहे. अर्ध्या तासाने पुन्हा. सगळ्यांनी. पाव खा, पाणी प्या, एकमेकांशी वाइनबद्दल बोलू नका."

मग दीनानाथांसमोर येऊन त्यांनी पहिल्यांदाच त्यांच्या हातावर हात ठेवला. "मस्यू दीनानाथ, कृपा करून, यावेळी धुऊ नका."

*

सुमेधा गॅलरीत आली. खाली सायकलींचे स्टँड होते, त्यापलीकडे कालवा, आणि एप्रिलचं ते ऊन, ज्याला ऊन म्हणायला तिला तीस वर्षांनंतरही जड जायचं. मागे दार सरकलं. सुरुची होती.

"तो एतियेनचा काका बॅग उघडतोय का?" सुमेधाने विचारलं.

"नाही. पाव खातोय."

"आल्बर्ट हाइनच्या दुकानातला शिळा पाव आहे तो. सांगायला हवं होतं."

सुरुची कठड्याला टेकून उभी राहिली. "आई, मी ऐकलं."

"मला माहितीये."

"बाबांना मुद्दाम नाही सांगितलंस?"

सुमेधाने उत्तर शोधलं. खरोखर शोधलं, डाळीतून खडा शोधावा तसं. "तुला खरं सांगू? मला माहीत नाही. मंगळवारी रात्री सांगायचं होतं. मग ते बातम्या बघत बसले. मग बुधवार. रोज वाटायचं, सांगू. तो पालथा ग्लास माझा, असं मला मघाशी वाटत होतं. मी माझाच कसा ठेवलाय ते मला आठवत नव्हतं."

"म्हणजे?"

"आत हात घातला, एकदा असा केला, एकदा तसा केला. ट्राम आली. बास."

"आणि वाइन? कशी लागली?"

"ओतून दिली."

"प्यायलीच नाहीस?"

"मला काय कळतं त्यातलं."

"आई." सुरुची तिच्याकडे वळली. "तुला वासावरून कळतं मोरांबा पुढच्या महिन्यात टिकेल की नाही ते. इडलीचं पीठ दाराशी उभं राहून सांगतेस, झालंय की अजून दोन तास. माझ्याकडे लॅबमध्ये त्यासाठी मशीन आहे. त्याचा आकडा सांगतो, ॲसिड मर्यादेत आहे. पण ते चांगलं लागतं की नासकं, हे आकडा सांगत नाही. आणि मला स्वतःला आता कळत नाही. सहा महिने तेच हुंगून माझं नाक मेलंय. एतियेन माझ्यासाठी हो म्हणेल. ओदील तिच्या मुलासाठी हो म्हणेल. बाबांना आता इतकं अपराधी वाटतंय की त्यात रॉकेल असलं तरी ते हो म्हणतील."

सुमेधाला हसू आलं आणि ते तिने आवरलं.

"मला फक्त एक माणूस हवाय, जो खरं सांगेल," सुरुची म्हणाली. "नासलेली असेल तर पालथा घाल. मी शपथेवर सांगते, मी रागावणार नाही. ओबर्नाकचं नाव खोट्यावर लावायचं नाहीये मला. पण न पिता घालू नकोस. आणि न पिता सुलटाही ठेवू नकोस."

"आणि चांगली असली तर?"

खाली एक बाई सायकलच्या पुढच्या खोक्यात दोन मुलं बसवून चालली होती. दोघींनी ती वळेपर्यंत पाहिलं.

"तिथून रविवारी येता येणार नाही ना," सुमेधा म्हणाली.

"नाही."

"डबे मी सोमवार ते शनिवार करते. रविवारी ओट्याशी उभी राहिले की तुझ्यासाठी काय करायचं हे बुधवारपासून ठरलेलं असतं." ती थांबली. "म्हणून सांगते. खरं-खोटं मला विचारू नकोस. मी धड नाहीये ह्यात."

"धड कोणीच नाहीये, आई."

*

यावेळी ओदीलनी क्रम बदलला. सुरुची पहिली, सुमेधा दुसरी.

स्वयंपाकघरात तिची स्वतःची भांडी तिच्याकडे पाहत होती. दोन दिवस न तापलेली कढई, झाकण घट्ट लावलेला मिसळणाचा डबा. पहिल्यांदाच या खोलीला दुसऱ्या कशाचा तरी वास येत होता आणि तो मघाशी तिने घेतलाच नव्हता. तिने बोटभर ओतलं. ग्लास नाकाशी धरला आणि मोरांब्याची बरणी उघडल्यावर ती जे करते तेच केलं: एकदा लांबून, एकदा जवळून, मग मान वळवून पुन्हा एकदा.

मध. सुकलेलं जर्दाळू. खाली कुठे तरी केशरासारखं. मग तिने घोट घेतला आणि लगेच गिळला नाही.

गोड इतकं, की तिला वाटलं आता जीभ बसेल. पण बसली नाही. गोडाच्या मागून एक आंबट धार आली आणि तिने सगळं उचलून घेतलं. सुरुची म्हणत होती ती कड हीच. सुमेधाने ती जिभेवर धरून ठेवली. नासलेल्याची आंबटी तिला माहीत होती. ती नाकात वर जाते, घशाला खरडते आणि गिळल्यावरही हटत नाही. ही तशी नव्हती. ही आली, तिने तोंड स्वच्छ केलं आणि गेली. मागे पुन्हा मध राहिला. पाकात कैरीची आंबटी नेमकी उतरावी, म्हणजे तो वर्षभर टिकतो, तशी.

तिने दुसरा घोट घेतला, कारण पहिल्यावर विश्वास ठेवायचा नव्हता. दुसराही तसाच लागला.

नऊ दिवस थांबली होती पोरगी. ओल्या द्राक्षांखाली, सगळं घर विरोधात असताना. ज्याला मुरायचं आहे त्याला घाई करायची नाही, हे तिला कोणी शिकवलं होतं ते सुमेधाला माहीत होतं, आणि त्या क्षणी ते माहीत असणं तिला नकोसं झालं.

खाली ट्राम वळली. ती दचकली नाही. ग्लासाच्या तळाशी थोडं सोनेरी उरलं होतं. उजवा हात सवयीने नळाकडे गेला आणि परत आला. तिने पडद्याआड हात घातला. ग्लासाचा बुंधा लाकडाला टेकलेला तिला जाणवला. तो नीट टेकलाय याची खात्री होईपर्यंत तिने बोटं सोडली नाहीत.

ती बाहेर आल्यावर सुरुचीने तिच्याकडे पाहिलं. सुमेधाने पाव उचलला, त्याचा कोपरा तोडला आणि म्हणाली, "खरंच शिळा आहे हा."

दीनानाथ शेवटचे गेले. आत खूप वेळ काही ऐकू आलं नाही. मग नळाचा आवाज आला. एतियेन उठून उभाच राहिला. बर्त्राँनी कपाळाला हात लावला.

दार उघडलं. "हात धुतले," दीनानाथ म्हणाले. "फक्त हात. चिकट होते."

ओदीलनी पेटी आणली आणि पडदा सारला. सहा ग्लास सुलटे होते. आतून मधाचा वास आला. एका ग्लासात इतरांपेक्षा थोडी जास्त वाइन उरली होती आणि काठावर लिपस्टिक नव्हती. तेवढ्यावरून कोणाचा ते सांगता आलं नसतं. पण सुरुची त्याच ग्लासाकडे पाहत राहिली.

बर्त्राँनी बॅग उघडली. तिच्यातून कागद काढले नाहीत. वरच्या कप्प्यातून एक लोखंडी किल्ली काढली आणि टेबलावर सुरुचीसमोर ठेवली. तिने ती लगेच उचलली नाही. तिने आधी आईकडे पाहिलं. तिच्या नजरेत एकच प्रश्न होता. वाइन चांगली होती म्हणून, की मला जाऊ द्यायचं म्हणून?

सुमेधाने मान हलवली. कशाला हो, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

मग सगळे एकदम बोलू लागले, तीन भाषांत. एतियेन रडत होता आणि काकाला मिठी मारत होता. ओदील पहिल्यांदाच सोफ्याला टेकून बसल्या. दीनानाथांना काय करावं कळेना, म्हणून त्यांनी नेहमीचं केलं. पेटीतले दोन-दोन ग्लास बोटांत धरले आणि सिंककडे निघाले.

"अहो," सुमेधा म्हणाली.

"विसळून ठेवतो. तुला फोडणीला ओटा लागेल ना."

"आज नको. खाली ठेवा ते," ती म्हणाली. "आज उष्टेच राहू दे."